बसून केलेली दाढी

(वरोऱ्यातलं केस कापायचं दुकान. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. म्हातारे बाबूभाई आणि त्यांचा मुलगा जाहिद.)

बाबूभाई : म्हणजे आपल्या गिऱ्हाईकानं, श्रावणनं, मले रस्त्यात अडवून कान दाखवायचा, तवा मले समजायचं? तू घरात ब्रसुद्धा नाई काढला!

जाहिद : वस्तऱ्यानं जरासंच लागलं अब्बा. तुरटी फिरवली मी.

बाबूभाई : कान होता म्हणून जरासं. तिथंच खाली गळा होता रे!

जाहिद : मालूम आहे. कालपासून तेच दिसून राह्यलं मले.

बाबूभाई : पण झालं काय? हात तं आता वर जाते ना? आपरेशनच्या आधी तुले वरच्या फळीवरचा पावडरचा डबा काढता येत नव्हता.

जाहिद : हाताले मी नाव ठेवत नाई. डॉक्टरनं पाठीवरचा फरा, खांद्यामागचं चपटं हाड, तारेनं बरगड्यांले बांधला, हात उचलाले लागला. पण पाय डगमगला का मी आधी खांदे मागं टाकून, कमरेत झोला देऊन सावरत होतो. लोक हसत, पण पडत नव्हतो. आता ती बाजू हलतच नाई. श्रावणभाऊच्या गालावरून कानाकडं वळलो आन् तोल गेला.

बाबूभाई : फरशी ओली असन.

जाहिद : कोरडी होती.

बाबूभाई : मंग नाचता येईना अंगण वाकडं म्हणून आपरेशनले बोल नको लावू. डावा खांदा सुटा राह्यला म्हणून होत असन. सोमवारी नागपूरले जाऊ, तोही बांधून घेऊ. दोन्ही सारखे झाले का तोल आपोआप बसन.

जाहिद : हेच मी डॉक्टरले फोनवर विचारलं. ते म्हणे, सांगता येत नाई. कोणाचा सुधारते, कोणाचा बिघडते. स्नायू सुकायची ही बिमारी पायातही उतरून राह्यली, ती आपरेशननं थांबत नाई. मले भेव वाटते अब्बा. मी सोमवारी येत नाई.

बाबूभाई : येत नाई! मंग दुकान कोण चालवन? माझा हात पाह्य, कसा थरथरते. तुझ्या आईच्या माहेरची बिमारी, माझं दुकान खाऊन टाकन.

जाहिद : अम्मीले मधात आणू नका.

बाबूभाई : काऊन नको? आमच्या खानदानात सारे मरेपर्यंत या धंद्यात. कोणाचा हात अडला? तुझ्या अम्मीचा, आबिदाचा भाऊ तं चालतानाच झोलत होता.

जाहिद : मामूचा पाय ट्रकखाली गेला होता! मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोपं असते. अम्मी काई कबरीतून जवाब द्याले येत नाई. डॉक्टरनं विचारलं होतं, माय-बापात कोणाचे झोपेत डोळे अर्धे उघडे राह्यतात का? या बिमारीत पापणी पुरी मिटत नाई. अम्मीचे डोळे मिटत होते. मी तिच्याच कुशीत झोपत होतो.

बाबूभाई : तुले काय समजते, लेकरू होता तू. आन् माझं म्हणशीन तं मी जवानीपासून तोंडावर गमछा टाकून झोपतो. मच्छर चावते म्हणून.

जाहिद : जाऊ द्या. मी वस्तरा सोडत नाई. बसून दाढी करतो.

बाबूभाई : बसून?

जाहिद : दादा बाजारात बसूनच करत होते ना?

बाबूभाई : माझ्या बापानं गिऱ्हाईक विटेवर बसवून, धुळीत गुडघे मोडून जिंदगी काढली. त्या धुळीतून उठावं म्हणून मी ही फिरती खुर्ची आणली. आन् तू पुन्हा खाली चालला?

जाहिद : मी स्टुलावर. गिऱ्हाईक माझ्या समोर, खाली पाटावर.

बाबूभाई : कोण बसन? सारा वरोरा हसन.

जाहिद : पह्यले तुमी बसा. माझा हात हालला तं सोमवारी चूपचाप नागपूरले येतो. नाई हालला तं डाव्या खांद्याचं नाव काढायचं नाई.

बाबूभाई : आजवर माझ्या गालाले दुसऱ्याचा वस्तरा लागला नाई, माहीत आहे ना?

जाहिद : म्हणूनच म्हणतो.

बाबूभाई : ...आण पाट. धर मले. या गुडघ्यांची खाली जायची आदत गेली.

जाहिद : पाठ माझ्याकडं करा. मान मागं, माझ्या मांडीवर टाका.

बाबूभाई : बापाले पायाशी बसवलं शेवटी.

जाहिद : बोलू नका, फेस तोंडात जाईन.

(जाहिद गालावरून वस्तरा फिरवतो.)

जाहिद : झाला हा गाल. आता गळा.

बाबूभाई : ...हात हालत नाई रे तुझा.

जाहिद : नाई हालत.

बाबूभाई : पाट जरा उंच बनवून घेऊ सुताराकडून. श्रावणले सांगतो, ही नवी फॅशन आहे. मुंबईची.

जाहिद : म्हणजे सोमवारी नाई?

बाबूभाई : नाई म्हणलं ना. घोडं पुढं हाक.

जाहिद : वरचा ओठ राह्यला. पाणी मारतो, डोळे मिटा अब्बा.

बाबूभाई : मिटले.

जाहिद : पुरे मिटा.

बाबूभाई : पुरेच मिटले आहेत बेटा. अजून किती मिटू?

(पापण्यांमधली उघडी फट पाहून जाहिद पाण्याचा हात मागं घेतो.)

बाबूभाई : काय झालं? थांबला काऊन?

जाहिद : काई नाई अब्बा. हालू नका.