शेंदराने बुजलेली रेघ

नाव नत्थुजी जानराव खेरडे, वय ४७ वर्षे, धंदा जिनिंग कारखान्यात फिटर, राहणार जुने शहर, अकोला. सन १९३४.

समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, कारखान्यातला पितळी कॉक मी काढून आणला हे खरे आहे. मॅनेजर देवीदासजी याला चोरी म्हणतात. चोर माल घेऊन आपल्या पायांनी ठाण्यात येत नाही. कॉक फडक्यात बांधून मीच ठाण्याच्या टेबलावर ठेवला आहे.

हा कॉक बॉयलरच्या तळच्या नळीवर होता. त्यातून उकळते पाणी मागच्या हौदात सोडतात. कॉकच्या पोटात पितळी गोळा असून त्याला आरपार भोक आहे. भोक नळीच्या रेषेत आले की पाणी सुटते, आडवे झाले की बंद. त्यासाठी मूठ पाव फेरा फिरवली की पुरते. मूठ नळीच्या लांबीत दिसली तर कॉक उघडा, आडवी दिसली तर बंद, हे कारखान्यात झाडणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे.

असा कॉक थंड पाण्याला उत्तम. तो बसवला तेव्हाच मी मॅनेजरांना तोंडावर सांगितले होते, "साहेब, उकळत्या पान्याले चाकाचाच व्हॉल्व्ह पाह्यजे. तो हळूहळू उघडते, मानसाले मागं सरकाले वेळ भेटते. आन गोल कॉकच घेता त बारीक भोकाचा तरी घ्या." ते म्हणाले, "चाक फिरवत कोन बसन? तू फिटर हायेस, फिटरच राह्य." त्यांनी नळीइतक्याच रुंद भोकाचा कॉक आणवला.

खंडेनवमीला कारखान्यातली हत्यारे पूजेला मांडतात. बॉयलर थंड होता व कॉक बंद होता. रिवाजाप्रमाणे मी त्याची मूठ काढून पाटावर ठेवली. पूजा झाल्यावर प्रत्येक वस्तू जागेवर बसवण्याचा मान मॅनेजरांचा असतो. मूठ गोळ्यातून वर आलेल्या चौकोनी खुंटीवर बसते, म्हणून ती उभी-आडवी कशीही बसते. भोक कोणत्या दिशेला आहे ते कळावे म्हणून खुंटीच्या माथ्यावर रेघ कोरलेली आहे. त्या दिवशी ती रेघ शेंदराने बुजली होती. मॅनेजरांनी मूठ नळीच्या लांबीत बसवली. हे मी व अकरा माणसांनी पाहिले. आत कॉक बंद, वरून दिसायला उघडा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटला. आगवाला चंद्रभान गाळ काढायला हौदात उतरला. वर पाहतो तर मूठ उघडी. त्याने हात उंच करून ती आडवी केली, म्हणजे त्याच्या समजुतीने कॉक बंद केला. सगळे पाणी एकदम त्याच्या पायांवर आले. चाकाचा व्हॉल्व्ह असता तर पहिल्या वाफेलाच त्याने हात आवरला असता.

तो दवाखान्यात आहे. मांड्यांपर्यंत कातडी राहिलेली नाही. त्याची बायको कौशल्या उशाशी बसून वारा घालते. तो मला एवढेच म्हणतो, "नत्थुभाऊ, मी त बंदच केला न गा."

मॅनेजरांनी मला आयता लिहिलेला कागद दिला. त्यात आगवाल्याने दारूच्या नशेत कॉक उघडला असे होते. चंद्रभान विडीलाही शिवत नाही. त्या कागदावर मी सही केली नाही व करणार नाही. नवा कॉक आणायला माणूस अमरावतीला गेला हे कळले, म्हणून बॉयलर निवल्यावर मी हा काढला. उद्या हा भंगारात गेला असता.

रेघ बुजल्याचे व मूठ चुकीची बसल्याचे माहीत असून तू गप्प का राहिलास, असे विचारल्यावरून सांगतो की, पूजेचा शेंदूर दसऱ्यापर्यंत पुसत नाहीत व पूजलेल्या हत्याराला हात लावत नाहीत. दसरा झाल्यावर सकाळी शेंदूर पुसून मूठ नीट बसवणे माझे काम होते. मी दुसऱ्या कामाला लागलो आणि विसरलो. हा गुन्हा असेल तर माझ्या नावावर लिहा. चंद्रभानच्या नावावर काही लिहू नका.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "फिटरचे म्हणणे असे की" हे शब्द मी खोडायला लावले, कारण हे म्हणणे नाही, घडलेले आहे. बाकी बरोबर आहे. कॉक जमा करून घेतल्याची पावती मिळाली. खुंटीवरच्या रेघेत शेंदूर अजून तसाच आहे. मी पुसायचा तेव्हा पुसला नाही. आता तो कोणी पुसू नये.

सही, नत्थुजी जानराव खेरडे