मक्याला न कळवता

मोमोस्तेनांगो गावाच्या वरच्या आळीतल्या गास्पारच्या गिरणीत सकाळी रांग हलता हलत नाही. आज माझ्यापुढे एक म्हातारी आणि शहरातून आलेली तिची नात उभी होती. नातीच्या हातात चुना घालून शिजवलेल्या मक्याचं पातेलं होतं.

"देल्फिना, मका चुलीवर ठेवण्याआधी त्याच्यावर फुंकर घातलीस ना?"

"घातली, आजी."

"आणि घाबरू नकोस म्हणून सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

"कुठल्या भाषेत?"

"स्पॅनिशमध्ये."

"अगं, आपल्या शेतातला मका तो. त्याला स्पॅनिश कुठून येणार? घाबरतच गेला असेल बिचारा चुन्याच्या आधणात."

"मग मी काय करू? मला आपली किचे भाषा येत नाही. बाबांनी घरात कधी बोलूच दिली नाही."

"त्याला शाळेत त्यापायी मार बसायचा. तुला बसू नये, एवढंच होतं त्याच्या मनात."

"ठाऊक आहे मला."

"मका अजून दळायचा आहे ना? आता तरी सांग. मी बोलते, तू माझ्यामागून म्हण."

"इथं? सगळे हसतील."

"हसू देत. मका नाही हसणार."

नात पातेल्यावर वाकली आणि आजीमागून एकेक शब्द अडखळत म्हणू लागली. तेवढ्यात गिरणी थांबली.

"गास्पार, वीज गेली का रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही, मावशी. मीच गिरणी बंद केली. या आवाजात मक्याला ऐकू जात नव्हतं."