चौतीस पुरेत

वहिनी : अहो, शटर अर्धं ओढून काय होणार? तुम्ही त्यांना पाहिलंत, त्यांनी तुम्हाला पाहिलं. आता कसली लपाछपी?

दादा : दुकान बंद आहे म्हणून सांग.

वहिनी : भर दुपारी? सख्खी बहीण आली की चष्मेवाला दुकान मिटतो, अशी बातमी होईल गल्लीत. मी नाही खोटं बोलणार. या वन्सं, या. वाकून या, डोक्याला लागेल.

चिंगी : वहिनी, आधी घोटभर पाणी द्या. हॉस्पिटलपासून चालत आले.

दादा : एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई, आणि चालत? संशोधन संपलं वाटतं.

चिंगी : संपलं. आज सकाळीच निकाल उघडला. दादा, मला एकच सांग. तुझ्या किडन्या किती आहेत आत्ता?

दादा : दोन. जन्माला येताना मिळाल्या तेवढ्याच.

चिंगी : थट्टा नको रे. किती टक्के काम करतात? शेवटच्या तपासणीत काय आलं?

दादा : दोन वर्षांत विचारायला सवड नाही झाली, आज बरी आठवण आली.

चिंगी : विचारत होते. तू फोन उचलत नव्हतास.

वहिनी : हे मात्र खरं. तुमचा फोन वाजला की हे काचा पुसायला बसायचे.

दादा : तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?

वहिनी : किडनीच्या. सांगा त्यांना.

दादा : चौतीस. गेल्या आठवड्यातच केली तपासणी. तुझ्या दारात आलो होतो तेव्हा बेचाळीस होते. झालं समाधान?

चिंगी : चौतीस? नक्की? चोवीस नाही ना?

दादा : चौतीस गं बाई, तीस आणि चार! आकडे वाचण्यात आयुष्य गेलं माझं.

(चिंगी गिऱ्हाइकांच्या बाकावर मटकन बसते आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागते.)

वहिनी : अगं बाई! वन्सं, काय झालं? अहो, बघत काय उभे राहिलात! इतकं का वाईट आहे?

चिंगी : वाईट नाही, वहिनी. चौतीस पुरेत. येताना सगळी वाट मी उलटीच मोजत आले, चोवीस असेल, एकोणीस असेल... मग मी त्या निकालाचं काय करणार होते?

दादा : पुरेत कसे? शाळेत पस्तीसला पास करायचे. मी एका मार्काने नापास.

चिंगी : आमच्याकडे पंचविसाला पास. त्याच्यावर असलेल्यांनाच आम्ही अभ्यासात घेतलं होतं, आणि त्यांना औषध लागू पडलं. जिथे तिघं डायलिसिसच्या मशीनवर गेले असते, तिथे दोघंच गेले.

दादा : एकच वाचला?

चिंगी : तुला एक वाटतो. हजारो माणसं आहेत त्या अभ्यासात. त्यातला प्रत्येक एक म्हणजे घरी जेवणारा माणूस आहे.

वहिनी : औषध म्हणजे तेच ना? ह्यांना तुम्ही नाही म्हणालात ते?

चिंगी : तेच. लघवीवाटे साखर बाहेर काढणारं.

दादा : झालं, निघाली खपली! ऐक आता. ते औषध दुकानात मिळत होतं. किडन्या धड असलेले माझ्यासारखे डायबेटिसवाले साखरेसाठी घेत होते. मी तुझ्याकडे आलो, म्हटलं, चिंगे, किडनीसाठी मलाही लिहून दे. नाही म्हणालीस. म्हटलं, मग तुझ्या अभ्यासात घे. तर म्हणे नातेवाईक चालत नाही. आणि समोरचा प्रेसवाला? तो दर महिन्याला तुमच्या गोळ्या घेऊन माझ्या दुकानावरून मिरवत जायचा! परक्याला गोळी आणि भावाला गोडगोड सल्ला!

चिंगी : त्याच्या गोळीत औषध होतं की नुसती भुकटी, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तू गिऱ्हाइकाला विचारतोस ना, ही काच बरी की ती? कुठली काच महाग, ते आधी सांगतोस का?

दादा : छे, मग महागातलीच स्पष्ट दिसते.

चिंगी : तसंच.

दादा : मग आता तरी सांग, प्रेसवाल्याला काय मिळालं?

चिंगी : ते त्याला सांगितलं जाईल. तुला नाही.

वहिनी : बरं झालं. नाहीतर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं.

दादा : विषय बदलू नका. लिहून का नाही दिलंस?

चिंगी : तू आलास ना, त्याच सुमाराला आकडे पडायला लागले होते. औषध कोणाला, भुकटी कोणाला, ते झाकलेलं; पण सगळ्यांचं मिळून बघितलं तर पहिल्या काही महिन्यांत किडनीचं काम सुधारायच्या ऐवजी घसरत होतं. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती बसली. अभ्यास थांबवायचा का, असं विचारत होते. माझ्याच खात्यातला एक जण म्हणाला, बाईंनी उंदीर वाचवले, आता माणसं मारणार.

वहिनी : जळो त्याचं तोंड.

चिंगी : तो वाईट नाही हो. त्याला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. माझं म्हणणं असं होतं, की हे पडणं चांगलं आहे. किडनी म्हणजे गाळणी. डायबेटिसमध्ये ती ऊर फुटेस्तोवर राबते. या औषधानं तिच्यावरचा दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला ती थोडं कमी गाळते. पण पुढे टिकते. उंदरांमध्ये टिकली होती. पण माझं म्हणणं म्हणजे काही पुरावा नव्हे. खोटं ठरलं असतं तर?

दादा : तर?

चिंगी : अभ्यासातल्या माणसांवर दर महिन्याला नजर होती, धोका दिसला असता तर समितीनं त्याच दिवशी थांबवलं असतं. तुझ्यावर फक्त माझी नजर असती. आणि मला तर ते औषध चांगलंच ठरायला हवं होतं.

दादा : हे तेव्हा का नाही बोललीस? नुसतं ‘नाही’ म्हणून दार लावून घेतलंस.

चिंगी : बोलले असते तर तू म्हणाला असतास, दे गं चिंगे, माझा विश्वास आहे तुझ्यावर. आणि मी दिलं असतं.

वहिनी : म्हणालेच असते. तरुणपणी ह्यांनी तुमच्यासाठी काय कमी केलं? ती कॅनची गोष्ट आमच्या लग्नाआधीची, पण मला तोंडपाठ आहे.

चिंगी : बाई गं, तो कॅन! मला निरोगी माणसांची दिवसभराची लघवी हवी होती, आणि प्रयोगशाळेत कोणी देईना.

दादा : मग बाबांना आणि मला जुंपलंस. बाबा ऑफिसला निघाले की एका पिशवीत जेवणाचा डबा, दुसरीत तो कॅन. साहेबांनी विचारलं, आज दोन डबे? बाबा म्हणाले, एक मुलीसाठी आहे.

वहिनी : आणि साहेब म्हणाले, नशीबवान आहे पोरगी!

चिंगी : नशीबवानच होते. पुढे मी भर सभेत म्हटलं, लघवीतून साखर जाऊ द्या, किडनी वाचेल; तेव्हा अख्खा हॉल हसला. सगळं जग लघवीतली साखर थांबवायला धडपडतंय आणि ही वाढवायला निघाली! घरी मात्र कोणी हसलं नाही.

दादा : हसलो होतो. तू झोपल्यावर. ...पण मधले आठ टक्के गेले, चिंगे. त्यांचं काय?

चिंगी : ते परत येणार नाहीत. मी तुला खोटी आशा लावणार नाही.

वहिनी : त्या आठातले चार तरी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलेत. सगळं बहिणीच्या माथी मारू नका.

दादा : तू गप्प बस गं जरा.

चिंगी : तुझ्या डॉक्टरांशी बोलून आलेय. तुला औषध ते देतील, मी नाही. आणि घाबरू नकोस, पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुझाही आकडा पडेल.

दादा : म्हणजे चौतिसाचे तीस झाले की मी पेढे... बरं, नकोत. मी खूश व्हायचं?

चिंगी : व्हायचं. ज्यांचा आधी पडला, त्यांचाच पुढे टिकला.

दादा : आणि तू?

चिंगी : मी तेव्हाही घाबरणार. तू फोन तेवढा उचल.

वहिनी : उचलतील. नाही उचलला तर मी उचलीन. चला, मी चहा टाकते, बिनसाखरेचा. अहो, ते शटर वर करा आता, गुदमरायला होतंय.

दादा : करतो. ...थांब, चिंगे, इकडे बघ. उजेडात ये. चष्म्याची काडी कशाने चिकटवलीस?

चिंगी : जखमेवरच्या चिकटपट्टीने. टिकते तशी.

दादा : कधीपासून?

चिंगी : झालं की बरंच.

दादा : आणि काचाही त्याच? मी दिलेल्याच? अगं, नंबर बदलला असेल. तुमच्या हॉस्पिटलसमोर चांगली तीन दुकानं आहेत.

चिंगी : आहेत.

दादा : ...बस त्या खुर्चीत. हनुवटी इथे टेकव.