ऋतूचा शब्द

अरवा : पण अब्बा, आंब्याचा मोहर कसा लिहू? मी तो फक्त नानीच्या व्हिडिओ कॉलवर बघितलाय.

शौकत : मग काय झालं? आपलं हर्णै लिहायचं. कविताच आहे ना?

अरवा : हायकू आहे. अम्मीच्या हॉस्पिटलातल्या सुखदाकाकूंनी सांगितलंय, जपानी लोक त्यात ऋतूचा एक शब्द घालतात. तीनच ओळी. जे डोळ्यांनी पाहिलं तेच. वाईट वाटलं, आठवण आली, असलं काही लिहायचं नाही. आणि मराठी मंडळाच्या अंकाला उद्याच द्यायचाय.

शौकत : इथे सौदीत, कतीफला कसला आलाय ऋतू? एसी चालू आणि एसी बंद.

जुबेदा : (स्वयंपाकघरातून) कोळंबी चालू आणि कोळंबी बंद, ते विसरलात.

शौकत : हां, ते खरं. ऑगस्टात कोळंबी पकडायची बंदी उठते. तिकडे हर्णैलाही होड्या तेव्हाच बाहेर पडतात. तू लहान होतीस अरवा, पहाटेची फजर पढून आपण तिघं बाजारात जायचो. तू माझ्या खांद्यावर, कोळंबीची पिशवी तुझ्या हातात. बर्फाचं पाणी सगळं माझ्या सदऱ्यावर.

जुबेदा : आणि घरी आल्यावर सोलायची मी. बापलेक एसीत लोळत.

अरवा : या ऑगस्टात कोण सोलणार?

शौकत : बघू.

अरवा : बघू काय? एप्रिलमध्ये आमचं फायनल एक्झिट, कायमचं परत जायचं. मी कॉलेजला दापोलीत, अम्मी माझ्याबरोबर. तुम्ही इथे.

शौकत : मी कामावरच्या हाशमभाईच्या खोलीवर राहायला जाईन. हे घर ठेवलं तर खायला उठेल मला.

अरवा : म्हणजे कोळंबी आणणार नाही?

शौकत : एकट्यापुरती कोण आणतं गो? लिही तू मुकाट्याने.

जुबेदा : लिहू द्या तिला. चहा घ्या.

अरवा : झालं. वाचते हां.
कोळंबी आली
अब्बांनी आणलीय
तिघांपुरती

शौकत : हे चुकलं. तेव्हा तुम्ही इथे कुठे असणार? पाहिलेलंच लिहायचं म्हणालीस ना?

अरवा : दरवर्षी पाहिलंय, अब्बा.

जुबेदा : काय झालं? चहा निवतोय.

शौकत : काही नाही. जुबेदा, कोळंबीचा तो काळा दोरा कसा काढतात, जायच्या आधी मला एकदा दाखवून ठेव.