जाळी कुणी काढली

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेला टायवाला तरुण मॅनेजर सारखा पाय हलवत होता. अख्खं बाक हलत होतं, आणि माझे गुडघे आधीच ठणकत होते. पलीकडे त्याचे साहेब.

“त्या कामगाराच्या बायकोनं विचारलं तर सांग, मशीनची संरक्षक जाळी त्यानंच काढली.”

“सर, मी काढायला लावली. माल लवकर निघावा म्हणून. तो नको म्हणत होता.”

“तुझी बढती तोंडावर आलीय, राजा.”

“त्याची दोन बोटं गेली, सर. चूक त्याची ठरली तर भरपाईसुद्धा मिळणार नाही.”

“मोठा मॅनेजर व्हायचंय ना? मग हेही शिकावं लागतं.”

तेवढ्यात त्या कामगाराची बायको बाहेर आली.

“साहेब, जाळी कुणी काढली हो? हे काही बोलतच नाहीत.”

“अगं बाई, त्यानंच—”

“नाही, वहिनी. मी काढायला लावली. मी तसं लिहून देतो.”

ती भिंतीला टेकली. साहेब फोन कानाला लावून तरातरा निघून गेले. मॅनेजर हातात डोकं धरून बसला.

मग मलाच बोलावं लागलं. “बोटं काही परत येत नाहीत, तेव्हा फार मोठं काही केलंस असं समजू नकोस. पण तुझ्या हाताखाली मी माझा लेक कामाला पाठवीन. ऊठ आता, तिला पाणी दे.”