न गळालेली पानं

(माघातली सकाळ. तीर्थपुरीच्या शिवारातली मोसंबीची बाग. कचरू आणि विद्यापीठातून घरी आलेली त्याची लेक आकांक्षा.)

कचरू : मोटर चालू करायची न्हाई म्हणजे न्हाई. बागेचा ताण अजून पुरा झाला न्हाई.

आकांक्षा : आबा, पाणी तोडून किती दिवस झाले! अजून कुठवर थांबायचं?

कचरू : पानं गळंस्तोर. थोडी पानं गळाली की मंग पाणी सोडायचं, तवा झाड फुलानं भरतं. तुझी माय असंच करायची. ह्या वरच्या ओळीत एक तरी पान गळलं का? तूच बघ.

आकांक्षा : बघून राह्यले. गळलं न्हाई, पण वाळलंय. हात लावला की चुरा होतोय. खालच्या ओळीतली कशी पिवळी होऊन पडलीत.

कचरू : वरची झाडं दमाची हायेत, म्हणून धरून राह्यलीत.

आकांक्षा : धरून न्हाई राह्यली. ऐका जरा. पाणी तुटलं की पेशीत ऑक्सिजनच माजतो. ज्याच्यावर जगायचं, तोच आतनं जाळायला लागतो. प्रथिनं बिघडतात.

कचरू : प्रथिनं म्हणजे ते डाळीतलं?

आकांक्षा : तेच. पेशीचं सगळं काम त्याच्यावर चालतं. बिघडलेल्या प्रथिनावर पेशी खूण करती, त्याचे तुकडे करती. एमआयडीसीत भंगारातनं सळई काढतात ना, तसं परत वापरती. पान म्हातारं झालं की त्यातला कामाचा माल फांदीत जातो, मंग देठ सुटतो. गळणं हे जित्या झाडाचं काम हाय, आबा.

कचरू : आन न्हाई गळलं तर?

आकांक्षा : आवरता येईना इतकं बिघडलं की पेशीच मरती. देठ सोडायलाबी कोणी उरत न्हाई. पान तिथंच लटकून राहतं.

कचरू : म्हणजे मी पान गळायची वाट बघत बसलो, आन झाड इकडं मरून राह्यलं.

आकांक्षा : वर मुरूम हाय, पाणी धरत न्हाई. इथं ताण जल्दी बसतो.

कचरू : म्हणून तुझी माय वरच्या ओळीला आधी पाणी सोडायची! मला वाटायचं, हिचं आपलं काहीतरी. दिवाळीला गेली ती. आता कोणाला इचारू?

आकांक्षा : मला इचारायचं.

कचरू : तू तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलीस. फोन केला की जल्दी ठेवायचीस. म्हटलं, पोरीला इकडचं काही नको वाटतंय.

आकांक्षा : नकोच वाटत होतं. ही ओळ तिनं लावलेली. बघवत न्हाई मला. सालीला नख लावा, आबा.

कचरू : शेंडा पार वाळलाय.

आकांक्षा : खाली या. अजून खाली, खोडापाशी.

कचरू : हिरवं हाय! आकांक्षा, हिरवं हाय गं हितं!

आकांक्षा : मंग वाळलेलं छाटू. आणि पह्यलं पाणी हलकंच द्यायचं, एकदम न्हाई.

कचरू : यंदा फूल?

आकांक्षा : ह्या ओळीला न्हाई येणार. जगली तरी बास.

कचरू : बास म्हणजे बिलकुल बास. जा, तूच बटण दाब.

आकांक्षा : दाबते. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं का?

कचरू : भूक न्हाई लागत.

आकांक्षा : कधीपासून?

कचरू : पाणी तर सोड आधी. मंग बसू दोघं जेवायला.

आकांक्षा : भाकरी टाकते.

कचरू : टाक. पण मला पह्यल्यांदा थोडंच वाढ.