मंडळानं केलेला कर्णधार

मी इम्रे. हंगेरीत डॅन्यूबच्या काठाला पोलादाच्या कारखान्याचं एक गाव आहे, तिथला. गावाचं नाव सांगत नाही, तुम्हाला ते म्हणता यायचं नाही आणि तुम्ही म्हणालात तर मला ऐकवायचं नाही. वडील भट्टीवर होते, आई शाळेच्या स्वयंपाकघरात, आणि गावात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून सगळी पोरं फुटबॉल खेळायची, मीही खेळायचो. चौदाव्या वर्षी वडिलांनी मला बुडापेस्टला एका क्लबच्या वसतिगृहात आणून सोडलं, खांद्यावर थोपटलं आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या खोल्यांमध्येच राहतोय.

तिथं प्रत्येकाला गोल मारायचे होते. कोच म्हणाला, इम्रे, तू पळतोस बेताचं, मारतोस त्याहून वाईट, पण तुझ्याकडून बॉल कोणी काढून घेत नाही, तू मध्ये उभा राहा. झालं, सगळी कारकीर्द मी मध्ये उभा राहिलो. मिडफिल्डरचं काम काय सांगू तुम्हाला, त्यातून माझ्यासारख्या मागे थांबणाऱ्याचं. मागच्याकडून बॉल घ्यायचा, पुढच्याला द्यायचा, पुढच्यानं गोल केला की सगळे त्याच्या अंगावर पडतात, आपण धावत पोहोचेपर्यंत ढीग उठलेला असतो. आणि बॉल यायच्या आधी मान वळवून बघून घ्यायचं, मागून कोण येतंय अंगावर. ही सवय अजून गेलेली नाही. इंडियन ग्रोसरीत डाळींसमोर उभा असलो तरी मागे बघतो, एकदा एका बाईंना वाटलं मी त्यांच्यावर लक्ष ठेवतोय, त्या मुगाची डाळ तशीच टाकून निघून गेल्या. कोण येतंय अंगावर? कोणी येत नाही, तेच तर आहे.

पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळलो, टीम खाली घसरली, तिच्याबरोबर मीही घसरलो, मग ऑस्ट्रियातल्या एका खेड्याकडून, मग सायप्रसला, मग इथं अमेरिकेत, दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. इथं लोक हॉट डॉग खायला यायचे आणि मध्येमध्ये आमच्याकडे बघायचे. रेका, माझी मुलगी, इथंच झाली. मग गुडघा गेला, मग क्लबच बंद पडला, बायको युदित म्हणाली आता तरी घरी चल, मी म्हटलं एक सीझन थांब, कोचिंगचं काम मिळतंय. तिनं एक सीझन वाट बघितली आणि रेकाला घेऊन परत गेली. भांडण नाही झालं. झालं असतं तर बोलायला काहीतरी उरलं असतं.

तर मग हे उपनगर, शॉमबर्ग. शाळेच्या मागचं मैदान, आणि तुमच्यासारख्या मराठी आईबापांची मुलं, त्यांना फुटबॉल शिकवतो. मुलं मला इम्रे काका म्हणतात. आमच्या भाषेत लहान बाळ लंगोटात जे करतं त्याला काका म्हणतात, पण ते जाऊ द्या, प्रेमानं म्हणतात.

रेका आता तेरा वर्षांची आहे. दर रविवारी फोन, इथं सकाळ, तिकडे दुपार. शाळा कशी चाललीय, चांगली. जेवलीस का, हो. मग दोघं स्क्रीनवर एकमेकांचं कपाळ बघत बसतो. मला एकच गोष्ट करायची होती. शाळा सुटताना गेटवर उभं राहायचं, बाकीचे बाप राहतात तसं, थंडीत पाय आपटत, आणि ती बाहेर आली की तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घ्यायचं. ती शाळेत जायला लागल्यापासून एकदाही जमलेलं नाही, कारण मी जायचो ते नाताळात आणि तेव्हा शाळा बंद. या वर्षी मी मुद्दाम डिसेंबरच्या सुरुवातीचं तिकीट काढलं. तिला सांगितलंही, ती म्हणाली ओके. तेराव्या वर्षी ओके म्हणजे बरंच झालं, नाही का?

आणि मग तुमच्या मराठी मंडळाचा स्पोर्ट्स डे आला. मंडळाचे अध्यक्ष सबनीस, त्यांचा फोन आला, कोच, तुम्हाला चीफ गेस्ट करायचंय, जरा माहिती द्या. मी खरी तीच दिली. म्हटलं, नॅशनल टीमनं मला एकदा बोलावलं होतं, बेंचवर बसलो, शेवटी वॉर्म-अप करायला सांगितलं, मी पळत होतो तेवढ्यात शिट्टी वाजली, मॅच संपली, मी मैदानात गेलोच नाही. त्यांनी विचारलं, कॅप्टन वगैरे? मी म्हटलं, क्लबचा, एका मॅचपुरता, खरा कॅप्टन सस्पेंड होता म्हणून. सबनीस म्हणाले, परफेक्ट. कार्यक्रमाला गेलो तर हा मोठा बॅनर, माझा चेहरा एवढा मोठा मी कधी बघितला नव्हता, आणि त्यावर मराठीत लिहिलेलं, हंगेरीच्या राष्ट्रीय संघाचे माजी कर्णधार. तुमच्याच मुलानं वाचून दाखवलं. मी सबनीसांना बाजूला घेतलं, म्हटलं अहो, हे खोटं आहे. ते म्हणाले, यार कोच, राष्ट्रीय संघ तुम्हीच सांगितलात, कर्णधारही तुम्हीच सांगितलात, आम्ही फक्त एका ओळीत बसवलं. आणि सत्काराला एवढं तरी लागतंच, नाहीतर लोक पावभाजीची लाइन सोडून येत नाहीत.

मग शाल घातली, तीही ऊन तापलेलं असताना. हातात नारळ दिला, त्याचं काय करायचं ते कोणी सांगेना, म्हणून सगळी भाषणं होईपर्यंत मी तो गोलकीपरसारखा पोटाशी धरून बसलो. मग मुलांना ओळीनं माझ्या पाया पडायला लावलं. माझ्या पायाशी कोणी वाकलं की मला वाटतं गुडघा तपासतायत, मी दर वेळी पाय मागे घेत होतो आणि लोकांना वाटलं केवढा हा नम्रपणा.

फोटो फेसबुकवर गेले, मला टॅग करून. बुधवारी रेकाचा फोन. बुधवारी! स्वतःहून! मला वाटलं घरी काही झालं. तर ती शाळेच्या अंगणात, शेजारी चार मैत्रिणी, सगळ्यांची तोंडं स्क्रीनमध्ये, आणि ती विचारतेय, आपा (बाबांना आम्ही आपा म्हणतो), तू कॅप्टन होतास? तू कधी बोलला नाहीस! मशीननं त्या बॅनरचं भाषांतर करून दिलं होतं, यंत्रालासुद्धा माजी कर्णधार बरोबर कळला. मी तोंड उघडलं तर मैत्रिणी ओरडायला लागल्या, कॅप्टन, कॅप्टन, आणि घंटा झाली. चार पोरींसमोर तिला काय सांगणार होतो?

रविवारी सांगितलं. सगळं सांगितलं, बेंच, वॉर्म-अप, शिट्टी, सबनीस, पावभाजीची लाइन.  ती म्हणाली, माहितीये मला, त्याच दिवशी घरी येऊन शोधलं, तुझ्या नावापुढे नॅशनल टीमच्या मॅच शून्य आहेत. मी म्हटलं, मग मैत्रिणींना सांगितलंस? ती म्हणाली, नाही आणि सांगणारही नाही. सगळ्या विचारायच्या तुझे बाबा कुठे असतात, काय करतात, मी म्हणायचे अमेरिकेत असतात, पुढे मला काही माहीतच नव्हतं. आता आहे. राहू दे ना. मग म्हणाली, पण डिसेंबरला आलास की गेटवर येऊ नकोस हां, मुलं तुला विचारतील, आणि तुला खोटं बोलता येत नाही. मी येते ना घरी, तिथंच भेटू.

मी म्हटलं बरं.  आता तिकडे एका वर्गात हंगेरीचा एक माजी कर्णधार आहे, त्याला शाळेजवळ यायला बंदी आहे. सबनीस परवा भेटले, गणपतीच्या आरतीलाही तुम्हीच हवे म्हणाले, मी म्हटलं गुडघा दुखतोय.

तिकीट ठेवलंय, जाणार आहे. युदित म्हणाली स्वयंपाकघरात बस, सूप असेल, शाळा सुटल्यावर येईलच ती. चालत दहा मिनिटांवर आहे शाळा, खिडकीतून दिसत नाही. बसेन. मुलीला सांगायला बाप मिळाला ना, मग तो मी नसलो तरी चालेल. खुशाल राहू दे पोरगी. आणि तुम्ही, तुम्ही रोज शाळेतून आणायला जाता ना मुलाला? त्या गाड्यांच्या रांगेत फोन बघत बसू नका. खाली उतरा, दाराशी उभे राहा. लाजेल तो, लाजू दे.